चूलबंद आवतणाचा नकाशा

संपादकांचा फोन आला, "तुमच्या नकाशांच्या कामातले गमतीदार अनुभव लिहून द्या. दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं पाहिजे." मी हो म्हणून बसलो. फोन ठेवला तशी बायको म्हणाली, "गमतीदार? तुम्ही काढलेले नकाशे?" आणि खरंच, आठवायला बसलो तर हसू येण्यासारखे दोन प्रसंग निघाले आणि तोंड लपवावंसं वाटणारा एक. पहिले दोन झटकन सांगून टाकतो. लिहायचं आहे ते तिसऱ्याबद्दल.

आधी धंदा समजावतो, कारण नकाशा म्हटलं की लोकांना मोजणी आठवते. वर्ध्यात आमच्या गल्लीत अजूनही कोणी ना कोणी दार वाजवून विचारतो, "प्लॉट मोजून द्याल का हो?" बाप्पा, मी उभ्या जन्मात साखळी हातात धरली नाही. मी माणसामाणसांतल्या संबंधांचे नकाशे काढायचो. कोण कोणाकडे जातं, कोणाचं कोणावाचून अडतं, ते. कॉम्प्युटरवर एका साध्या फाइलीत ओळी टाइप करायच्या. एक नाव, मधे दोन आडव्या रेघा, पुढे दुसरं नाव. एक ओळ म्हणजे एक संबंध. अशा शेकड्यांनी ओळी झाल्या की काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप करायचा. माउसचं काम नाही, चित्रबित्र काही दिसत नाही, नुसतं टाइप करा आणि एंटर मारा. त्या एका हुकुमात तीन प्रोग्राम एकामागे एक जोडलेले असत. पहिला नावं कागदावर पसरायचा, जवळची माणसं जवळ, लांबची लांब. दुसरा त्यांतले एकमेकांत गुंतलेले घोळके ओळखून प्रत्येक घोळक्याला देशासारखी सीमा आखायचा आणि रंग भरायचा. तिसरा त्याचं चित्र करून द्यायचा. निघायचा तो हुबेहूब भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा. किनारा, देश, शेजारचे देश, सगळं. फक्त तसला मुलूख पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही.

हा दुसरा, सीमा आखणारा प्रोग्राम आमच्या हाती आला तो दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासकानं मी नोकरीला होतो त्या संस्थेच्या मशीनवर टाकून दिला आणि तो निघून गेला. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे, ते दुरुस्त करता करता मी रडकुंडीला आलो होतो. त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी पुलगावात लग्नपत्रिका करत होतो. वडिलांचं शेजारी नाचणगावात किराणा दुकान होतं, तिथं मन रमेना म्हणून कॉम्प्युटर शिकलो. माझं सगळं शिक्षण म्हणजे गणपती कुठं बसवायचा, वेलबुट्टी कुठून फिरवायची आणि मामाकडच्यांची नावं राहिली तर काय करायचं. हे मुद्दाम सांगतोय, पुढं कामाला येईल.

पहिली गंमत एका अडत्याची. त्याला त्याच्या गिऱ्हाइकांचा नकाशा पाहिजे होता. नकाशा निघाला तर मधोमध त्याच्या धाकट्या भावाचं दुकान आणि हा पार कोपऱ्यात, समुद्राकाठी. बराच वेळ कागद उलटासुलटा करून म्हणतो, "भाऊ, तुमची मशीन माह्या भावानं फोडली वाटते." मी म्हटलं, शेठ, मशीन काही लाच खात नाही. तर म्हणाला, "मंग माह्या दुकानाले हातानं मधात सरकवा न." मी सरकवून दिलं. तो खूश, मीही खूश.

दुसरी रंगांची. प्रोग्राम आपल्या मनानं रंग टाकायचा, आणि आपल्याकडे बिनधोक रंग आहेच कुठं? एका गावात एका आळीला भगवा आला तर दुसरी आळी उठली. निळा केला तर तिसरी. हिरव्याचं तर नावच काढू नका. शेवटी मी फिका गुलाबी, बदामी, पोपटी आणि सायीसारखा पिवळा एवढेच रंग ठेवले. एक सरपंच म्हणाले, "हे काय बारश्याचं झबलं करून ठेवलं तुमी?" पण भांडण मिटलं.

झालं हसून? आता तिसरं.

आमची संस्था गावागावांत पाण्याचं काम करायची. सेलू तालुक्यात, केळझरकडे एक गाव होतं, नाव सांगत नाही. तिथं घरोघरी नळ नव्हते, चारपाच घरांत एक तोटी बसवायची होती. ज्यांचं आपसात पटतं त्यांनाच एक तोटी द्यायची, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात घागरी फुटतात. पण पटतं का असं विचारलं तर कोण नाही म्हणतो? सगळे म्हणायचे, आमच्या गावात लय एकी हाये. मग मीच साहेबांना सुचवलं की चूलबंद आवतणं विचारू. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, ते कोकणातले, त्यांना हे माहीत नव्हतं. आमच्याकडे लग्नाचं, तेरवीचं आवतण दोन तऱ्हेचं. एक घरपरत एक माणूस. आणि दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी लेकराबाळांसकट आमच्याकडं जेवायचं. तोंडदेखलं चूलबंद कोणी देत नाही. कोण कोणाला देतं ते गावातलं शेंबडं पोरही सांगतं. साहेबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी माझी पाठ थोपटली. मी आठ दिवस हवेत होतो.

नकाशा छान निघाला. मधोमध एक मोठा गुलाबी मुलूख आणि त्याच्या ऐन पोटात एक नाव, सुभद्राबाई. ही बाई गावातल्या लग्नातेरवीला स्वयंपाकाची पुढारीण. पाचशे पानाच्या वरणाला मीठ किती, हे तिला हातानं कळायचं. तिला चूलबंद आवतण देत नाही असं घर गावात एकच होतं, तिच्या दिराचं. नवरा वारलेला, एक मुलगी. वावर, म्हणजे शेत, नवरा होता तेव्हा दोघा भावांचं एकत्र होतं. तो गेल्यावर सातबारावर हिचं नाव चढवायचं राहिलं ते राहिलंच. कसणारा दीर, नाव दिराचं, आणि ही दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या लेखी ती एक ठळक नाव होती, जिच्यामुळे नकाशाला शोभा आली.

शोभा! तिथंच घात झाला. ज्यांना जास्त आवतणं त्यांचं नाव मोठ्या अक्षरात, ही टूम माझी. अक्षर मोठं केलं की प्रोग्राम त्या नावाला जागाही मोठी देतो. प्रत्येक नावाभोवती बारीक रेघ काढायची सोय होती, तीही मी चालू ठेवली, भरलं भरलं दिसतं म्हणून. आणि उजवीकडचा वरचा कोपरा रिकामा राहिला. लग्नपत्रिका करणाऱ्या हाताला रिकामा कोपरा बघवत नाही हो. तिथं मी उत्तर दिशेचा बाण टाकला. चांगला नक्षीचा, फुलीचा. त्या नकाशाला उत्तर नव्हती, दक्षिण नव्हती, काही नव्हतं. वर ठळक अक्षरांत 'गाव-नकाशा' लिहिलं, कारण साहेबांनी सांगितलेलं लांबलचक नाव एका ओळीत मावेना. साहेब बघून म्हणाले, "वा! अगदी सरकारी वाटतो." आणि खाली संस्थेचा गोल शिक्का मारून घरपरत एक प्रत वाटायला सांगितली.

ग्रामसभेत मी उभा राहून समजावलं होतं बरं का. हा जमिनीचा नकाशा नाही, संबंधांचा आहे, असं म्हणालोही होतो. पण कसं म्हणालो? 'सामाजिक संबंधांचे दृश्य स्वरूप' असलं काहीतरी, साहेब ऐकत होते म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला दोघं जण बोटानं रेघ दाखवून शेताच्या बांधावरून भांडत होते, "माहा धुरा इकडं काऊन सरकवला?" ते माझ्या कानावर आलं होतं. मला वाटलं, थट्टा करून राह्यले.

त्यानंतर काही आठवडे गेले. गुढीपाडवा जवळ आला होता, वावरांचे सौदे बदलायचे दिवस. एक दिवस सकाळी सुभद्राबाई वर्ध्याला आमच्या ऑफिसात आली. ठेवणीतलं लुगडं, हातात गुंडाळी केलेला नकाशा आणि एक पेढ्याचा पुडा.

"केळझरच्या गणपतीले जाऊन आली," ती म्हणाली आणि पुडा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. "पयले देवाले देल्ला, मंग तुमाले आनला. घ्या भाऊ, तोंड गोड करा."

मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, काय विशेष?

"आता काय सांगू माय! इतक्या वर्साचं काम तुमी करून देल्लं. तलाठ्याच्या दारात उभी राहू राहू माहे पाय दुखले, थ्यानं कदी कागद नाई दाखवला. तुमी घरी आनून देल्ला." तिनं नकाशा टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर माझ्याच वस्तू ठेवल्या. गुलाबी तुकड्यावर तळहात ठेवला. "हा माहा. अन् ही पट्टी माह्या दिराची, पाहा न, कडेले. शिक्का हाये, दिशा हाये, फक्त मोठ्या साहेबाची सही नाई. तलाठी म्हणते का सही असली त पाहू. थेवढी सही मारून द्या."

पेढा माझ्या तोंडात तसाच. मी साहेबांच्या खोलीकडे बघितलं. साहेबांनी दारातून सगळं ऐकलं होतं. ते चष्मा पुसत बाहेर आले, "तुम्ही जरा नीट समजावून सांगा यांना," म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले.

मी समजावायला लागलो. मावशी, हे वावर नाही. हे तुम्हाला कोण जेवायला बोलावतं ते आहे. तिला कळेना. कसं कळणार? ती म्हणाली, "बोलावते न. सारं गाव बोलावते. मंग?" मी म्हटलं, म्हणून तुमचं नाव मोठं आलं. "हो न, मोठं आलं. मंग थेच त म्हणतो मी." शेवटी सरळ सांगितलं, "मावशी, या कागदावर तुमची वीतभरही जमीन नाही. कोणाचीच नाही."

तिनं गुलाबी तुकड्यावरचा हात उचलला. मग बाणावर बोट ठेवून विचारलं, "मंग हे कायले काढलं?"

काय सांगू? कोपरा रिकामा होता म्हणून? मी म्हणालो, "शोभेसाठी."

"शोभेसाठी," ती म्हणाली. रागानं नाही. नवा शब्द पाठ करावा तशी म्हणाली. मग हळूच खुर्चीत बसली आणि पदरानं तोंड पुसलं. तेव्हा मला बाकीचं कळलं. दिरानं गेल्या महिन्यात तिला नाल्याकडचा तुकडा द्यायचं कबूल केलं होतं. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी त्याच्या मागं लागून लागून कबूल करवलं होतं. लहानसाच तुकडा, पण काळी माती आणि नाल्याचं पाणी. पाडव्याच्या आत तलाठ्याकडे जाऊन नोंद करायची ठरलं होतं. आणि ऐन वेळी आमचा नकाशा घरी आला.

"मी त्याले नाई म्हणलं," ती म्हणाली. "म्हणलं, माहा हिस्सा येवढा मोठा हाये, त तुकडा काऊन घेऊ? साऱ्या लोकाइच्या देखत म्हणलं. थो उठून गेला. जाता जाता म्हणे, वहिनी हावरट निंगाली, आता सुईच्या टोकायेवढं भी देत नाई. अन् म्हातारे भी त्याच्याच बाजूनं झाले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हावरट नाई, भाऊ. मले वाटलं, सरकारनं मोजलं."

लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ऑफिसातला पंखा फिरत होता, बाजूच्या टेबलावरची मुलगी मुद्दाम मान खाली घालून टाइप करत होती, आणि मला वाटत होतं की ही बाई ओरडेल तर बरं. चार शिव्या घालेल तर बरं. तिनं पुडा माझ्याकडे सरकवला. "घ्या न. पोरीले एक द्या, थ्या." म्हणजे टाइप करणाऱ्या मुलीला.

मग ती म्हणाली, "तुमी चाला माह्यासंगं. दिराले सांगा का चूक तुमची होती. माह्यं आयकत नाई थो, तुमचं आयकन. शिकेल मानूस हा तुमी."

गेलो. दुपारच्या बसनं दोघं गेलो. तिकीट मी काढायला लागलो तर तिनं काढू दिलं नाही, आपलं आपण काढलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. वकील पाहून देतो, असंही म्हणालो तिला. कोर्टात गेली असती तर तिला पुरा हिस्सा मिळाला असता असं जो तो म्हणतो. पण कोर्टात जायला घरात पाठीशी माणूस लागतं, आणि तिला रोज सकाळी वेचायला जायचं असे. ती "हो, पाहा," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मलाही माहीत होतं की मी कुठलाही वकील बघणार नाही.

दीर घरीच होता. नाव नामदेवराव. मी समजत होतो कोणी राक्षस असेल. साधा, वाळका, टोपीतला माणूस. बाज टाकली, पाणी दिलं, चहा सांगितला. सुभद्राबाई आत गेली नाही, ओट्याखाली उभी राहिली. शेजारचे दोघंतिघं येऊन बसले.

मी सगळं सांगितलं, या खेपेला सोप्या भाषेत. नकाशा जमिनीचा नव्हता, वर नाव चुकीचं लिहिलं ते मी, बाण टाकला तो मी. वहिनींचा काही दोष नाही. त्यांना तो खराच वाटला, कारण मी तो खरा वाटेल असा केला होता. तुमचं ठरलेलं तेवढं तुम्ही पुन्हा मनावर घ्या.

 नामदेवरावनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "म्हणजे चूक तुमची."

"हो."

"पक्की?"

"पक्की. माझीच."

"मंग तुमीच द्या न इले वावर." बाकीचे हसले, तो हसला नाही. "चूक तुमची अन् वावर जाईन माहं, हा कोनता हिशोब झाला? हाये का तुमच्याकडं काई?"

"आमचं तर दुकान आहे," मी म्हणालो.

आमचं दुकान होतंच. पण नाचणगावच्या शिवारात चार एकर वावरही होतं, वडिलांनी दुकानाच्या जोरावर घेतलेलं, बटईनं दिलेलं. सातबारावर माझं नाव. त्या बाजेवर बसल्या बसल्या मला त्या वावराच्या धुऱ्यावरची बाभूळसुद्धा दिसत होती. द्यायचं होतं असं नव्हे. असं कोणी देत नसतं, मला काय कळत नाही? पण 'आहे' एवढं म्हणायला काय झालं होतं? तोंडातून निघालं ते दुकान.

"मंग बोलू नोका," नामदेवराव म्हणाला. "दुकानदार मानूस तुमी, तुमाले वावर काय समजते?"

मी बशी उचलून परत खाली ठेवली. तेवढ्यात ओट्याखालून सुभद्राबाईचा आवाज आला, चांगला खणखणीत, पंगतीत वाढताना असेल तसा.

"जाऊ द्या न भाऊजी. पाहुना मानूस हाये, इतक्या दुरून आला. त्याइले काऊन बोलून राह्यले? माह्यं मी पाहीन."

नामदेवराव उठला. मीही उठलो. माझा चहा तसाच राहिला.

बस यायला वेळ होता. मी म्हटलं, मावशी, तुम्ही जा घरी, मुलगी वाट बघत असेल. ती म्हणाली, पाहुण्याला एकट्याला रस्त्यावर कसं सोडू? फाट्यावर चिंचेखाली आम्ही उभे राहिलो. ती मला विचारत होती की घरी कोण कोण असतं, मुलं कितवीत आहेत, आईला गुडघेदुखीला काय देता. मी उत्तरं देत होतो. समोरच, रस्त्याला लागून, नाल्याकडचा तो तुकडा होता. कापसाची पऱ्हाटी उपटून टाकलेली, नांगरट व्हायची होती. तिनं एकदाही तिकडे बघितलं नाही. मी बघितलं.

बस लवकर यावी, एवढंच मला वाटत होतं.